दोरीला हात लावू नका

थांबा, थांबा! ती दोरी सोडा आधी. हात पुसून आलात तरी नको. मी पडदा बोलतोय, या दाराशेजारच्या पाटीवरचा. गेले आठ महिने मला कोणी बाजूला सारलेलं नाही, आणि तुम्हीही सारू नये अशी माझी इच्छा आहे. का, ते सांगतो. बाकावर बसा हवं तर. फक्त हळू बोला, आत बाई आहे.

मी मखमलीचा आहे. गर्द लाल. आता उन्हानं विटलोय, पण माझा तोरा एकेकाळी काही और होता. मला शिवलं याच टेकडीवरच्या वस्तीत, इथे काम करणाऱ्या संस्थेच्या शिवणवर्गात. शिवणारी बाई वर्गात सगळ्यांत वयानं मोठी, म्हणून तिला सगळे मावशी म्हणायचे. तिनं मला दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवलं. "पाहुण्यांसमोर जायचंय याला, एक टाका वाकडा दिसता कामा नये," असं शेजारणीला सांगत होती. वर पितळी कड्या, बाजूला पिवळी गोंडेदार दोरी. दोरी ओढली की मी सरकन डावीकडे जायचो आणि मागची पाटी दिसायची. माझं काम म्हणाल तर एवढंच.

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं! अहो, पण ते एक मिनिट माझं असायचं. सगळे मान वर करून माझ्याकडे बघायचे. फोटोवाले गुडघ्यावर बसायचे. आणि माझ्या पाठीला दगडातली अक्षरं लागायची, थंडगार. कोणाचं नाव आहे ते लोकांना कळायच्या आधी मला कळायचं. बालवाडी, पाण्याची टाकी, वृद्धांची खोली, सगळीकडे मला पेटीत घालून न्यायचे आणि परत आणायचे. कोऱ्या पाटीवर मला कोणी कधी लावलं नाही. कोणाचं तरी नाव असल्याशिवाय माझी गरजच पडायची नाही.

माझं पहिलं काम मात्र इथलं, याच भिंतीवरचं. ही खोली तेव्हा प्रसूतीसाठी बांधली होती. पैसे संस्था चालवणाऱ्या मोठ्या साहेबांनी दिले, त्यांच्या आईच्या नावानं. त्यांचं वय झालेलं, दोरी ओढताना त्यांनी माझी एक कडीही वाकवली. पण बोलले मनापासून. "ही खोली चालू राहील, माझा शब्द आहे," म्हणाले. मावशी मागच्या रांगेत उभी होती, तिनं टाळ्या वाजवल्या त्या अगदी जोरात. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेलेली, खाली मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच. म्हणून ही खोली व्हावी यासाठी तिनं संस्थेचे उंबरठे झिजवले होते.

खोलीत एक नर्स आली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. वस्तीतच खोली घेऊन राहिली. तीन वर्षांत या दारातून किती बाळं बाहेर गेली ते तिच्या वहीत आहे. मी तेव्हा ऑफिसच्या कपाटात असायचो, पण संस्थेच्या ताई कपाटाजवळच बसायच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ताई म्हणजे या वस्तीचं काम बघणाऱ्या. फोन ठेवताना हसून म्हणायच्या, "झाली बाई सुटका, मायलेकरं बरी आहेत." मग शिपायाला चहा सांगायच्या.

मोठे साहेब गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या साहेबांकडे आला. ते एकदा वस्ती बघायला आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही मनात त्याला शिव्या द्यायला लागाल. बूट काढून आत गेला, सिस्टरला नमस्कार केला. पण बाहेर येऊन ताईंना म्हणाला, "काम चांगलं आहे, पण जुनं वाटतं हो. या मुलांना पुढच्या जगासाठी तयार करायला हवं. इथे कॉम्प्युटर केंद्र करू."

मग वस्तीची बैठक झाली. ते बैठकीचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं, आणि ताईंनी सगळी हकिगत शिपायाला ऐकवली म्हणून मला ठाऊक. बायकांना विचारलं, "मुलांसाठी कॉम्प्युटर कोणाला हवेत? हात वर करा." कुठली आई हात खाली ठेवील? सगळे हात वर. मावशीनंही वर केला. मग म्हणाली, "हवेत की. पण सिस्टरला काढून का? शेजारी दुसरी खोली बांधा."

"मावशी, ते पैसे देणाऱ्यांना विचारावं लागेल," ताई म्हणाल्या.

"मग आम्हाला काय विचारलंत?"

रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वस्तीने एकमताने मागणी केली.' ताईंनीच लिहिलं ते, आणि लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावत कितीतरी वेळ बसून राहिल्या.

सिस्टरची नेमणूक संपली. खाट घडी करून आतल्या कोठीत गेली, सिस्टरचं कपाटही तिथेच सरकवलं. आता पाटीचं काय? संस्थेत एक काटकसर होती, बाहेर कोणाला माहीत नसलेली. संगमरवर महाग, म्हणून जुनी पाटी काढायची, उलटी करायची आणि पाठीवर नवीन नाव कोरायचं. कोरणारा म्हातारा कारागीर मोठा मिस्कील होता. छिन्नी चालवताना म्हणाला, "अजून कोणाचं मन बदललं तर तिसरं नाव मी धारेवर कोरणार, सांगून ठेवतो!" शिपाई हसला. मीही मनात हसलो, खोटं कशाला बोलू.

आणि मग तो दिवस आला. सकाळी अकराची वेळ. मला याच भिंतीवर, याच खिळ्यांवर टांगलं. माझ्या पाठीला नवीन अक्षरं लागली आणि त्यांच्या पलीकडे, दगडाच्या आत, जुनीही जाणवत होती. प्रसूती कक्ष. आता ती तोंड भिंतीकडे करून उभी होती.

दाराला कुलूप होतं. आत कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक, छताला फुगे. धाकट्या साहेबांची एक हौस होती. मुलं पहिल्यांदा आत पाऊल टाकतील, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यांचं शूटिंग करायचं. म्हणून साहेब येईपर्यंत दार उघडायचं नाही, अशी सक्त सूचना. किल्ली ताईंच्या मुठीत. पाहुण्यांच्या गाड्या वर चढल्या आणि वस्तीच्या एकुलत्या एक गल्लीत एकामागे एक लागल्या. खुर्च्या भरल्या. साहेब मात्र यायचे होते.

साडेअकराच्या सुमारास गल्लीतून बायका येताना दिसल्या. मधे मावशीची लेक, नववा महिना भरलेली, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून. अजून तारखेला दहा दिवस होते म्हणे, पण पोटातल्याला तारीख कोण सांगणार! खाली मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी निघेना, कारण गल्ली पाहुण्यांच्या गाड्यांनी तुंबलेली आणि ड्रायव्हर चहाला पांगलेले. मग बायकांचे पाय सवयीनं इकडेच वळले. तीन वर्षं कळ आली की इथेच यायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

सिस्टर धावतच आली. तिला कार्यक्रमाचं आमंत्रण नव्हतं, तरी आली. लेकीला दारापुढच्या ओट्यावर निजवलं, बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"दार उघडा. आत कपाटात माझी नळी आहे, श्वासाची पिशवी आहे. बाळ अडकलंय. लवकर!"

"एक मिनिट सिस्टर, मी साहेबांना विचारते," ताई म्हणाल्या. त्या फोन करत माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या, म्हणून पलीकडचं बोलणंही मला ऐकू आलं. ताईंनी 'बाळंतपण' म्हटलंच नाही. म्हणाल्या, "सर, इथे एकीची तब्येत बिघडलीय, दार उघडावं लागेल." साहेब म्हणाले, "आलोच, दहा मिनिटांत पोचतो. दार तेवढं तसंच ठेवा."

दहा मिनिटं! ताईंनी एवढंच म्हटलं, "दहा मिनिटांत येताहेत." मावशीनं ते ऐकलं. किल्ली ताईंच्या मुठीतच होती. पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्च्या वळवून दुसरीकडे बघायला लागले, भल्या माणसांसारखे. कोणीतरी म्हणालं, "निदान आडोसा तरी करा हो!"

तेव्हा मावशीनं मला उपटलं. दोरी ओढली नाही, दांडीसकट उपटलं. एका बाजूला तिनं धरलं, दुसऱ्या बाजूला शेजारणीनं, आणि ओट्यावर माझा आडोसा झाला. मागची पाटी उघडी पडली. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

माझ्या अलीकडे माणसं गप्प बसली होती आणि पलीकडे एक पोर ओरडत होती. जन्मभर मी दगड झाकले. त्या दिवशी पहिल्यांदा माणूस झाकला. मग ताईंना राहवलं नाही. त्यांनी किल्ली लावली. दोनदा ती हातातून पडली. दार उघडलं, सिस्टर कोठीकडे धावली, नळी घेऊन आली. पण तोवर बाळ बाहेर आलं होतं. मुलगी होती. सिस्टरनं सगळं केलं. उलटं धरलं, चोळलं, नळी लावली, पिशवी दाबली. आम्ही सगळे वाट बघत होतो. ती रडली नाही.

मावशीनं तिला माझ्या एका टोकात गुंडाळलं. अजून ऊब होती तिला. माझ्या पाठीला किती नावं लागली असतील, मोजदाद नाही. पण पोटाशी कोणाला धरलं ते हे एकदाच, आणि तिला नाव नव्हतं.

साहेब एक वाजता आले. डोक्याला हात लावून उभे राहिले. कार्यक्रम पुढे ढकलला.

आता पुढचं ऐका, मला अजून त्याचाच जास्त त्रास होतो. संध्याकाळी मावशीनं बाळासाठी दुसरं पांढरं कापड फाडलं आणि मला बादलीत घेतलं. गार पाण्यात, हळूहळू, तीनदा धुतलं. लाल मखमलीवर डाग दिसत नाहीत, पण तिला कुठे आहेत ते ठाऊक होतं. वाळवलं, वाकलेली कडी सरळ केली, घडी घातली आणि सकाळी शिपायाच्या हातात दिलं. "ऑफिसचा माल आहे, घेऊन जा." अहो, स्वतःची नात गेलेली बाई! मला वाटत होतं, तिनं मला ठेवून घ्यावं, जाळावं, फाडावं. तिनं परत केलं.

आणि आठ दिवसांनी त्याच भिंतीवर, त्याच पाटीवर मला पुन्हा टांगलं. साहेबांनी दोरी ओढली. मी अडकलो. मुद्दाम नाही, कड्याच सरकेनात. शिपायानं हातानं मला बाजूला ओढलं, टाळ्या झाल्या. मुलं आत शिरली, शूटिंग झालं. मुलांचे चेहरे खरंच आनंदले होते, त्यांचा काय दोष!

तिथून मी बिघडलो. नवीन टाकी असो की वाचनालय, दोरी ओढली की मी मधेच थांबायचो. लोकांना वाटायचं मखमल जुनी झाली. पण दोरी ओढल्यावर टाळ्या पडायच्या आधी एक क्षण असतो, अगदी गप्प. त्या क्षणात मला ओटा दिसायचा. मी कान देऊन ऐकायचो, आता रडेल, आता रडेल. टाळ्या पडायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा. ऑफिसात ताई माझ्या कपाटाचं दार उघडायच्या, मला बघायच्या आणि हवी ती फाइल न घेताच लावून टाकायच्या.

वर्षाच्या शेवटी संस्थेचा अहवाल छापला. त्यात माझा फोटो होता, दोन बायकांनी धरलेला. खाली लिहिलं होतं, 'एका घटनेने आम्हाला अंतर्मुख केले.' कुलपाचं, किल्लीचं, दहा मिनिटांचं अवाक्षर नव्हतं. साहेबांनी तो वाचला आणि रडले म्हणे. खरंच रडले असतील. लगेच फोन आला, इथे पुन्हा प्रसूती कक्ष करू, एक वर्ष करून बघू. कॉम्प्युटर उचलले. जी पोरं तिथे शिकत होती, ती आता कुठे बसणार हे कोणी विचारलं नाही. कॉम्प्युटर आणताना सिस्टरला काढू का, हे मावशीला विचारलं नव्हतं, तसंच. कारागिरानं पाटी पुन्हा उलटी केली, खाली खोली पुन्हा सुरू केल्याची एक ओळ वाढवली. या वेळी त्यानं थट्टा केली नाही.

दोरी ओढायला मावशीला बोलावलं. ताईंनी तिच्या हातात भाषणाचा कागद दिला. पुढे साहेब, पाहुणे, कॅमेरा. गल्लीत गाड्या. मी भिंतीवर टांगलेला, माझी दोरी मावशीच्या हातात. तिचा अंगठा गोंड्यावरून फिरत होता. तिनंच बांधलेला गोंडा तो.

तिनं कागदाची घडी घातली. "साहेब, आत नर्स कोण आहे?"

"नेमणूक होईल, आई. लवकरच."

"किती दिवसांची?"

"सध्या एक वर्ष. मग बघू. माझा शब्द आहे."

"शब्द तुमच्या वडिलांनीही दिला होता. खोटा नव्हता तो. पण तुमचं मन बदललं. उद्या तुमच्या मुलाचं बदलेल. तुम्हाला मन बदलायची सोय आहे, आमच्या पोटातल्यांना नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "दाराची किल्ली इथे वस्तीत राहील. आणि सिस्टरला ठेवायचं की काढायचं, ते आम्हाला विचारल्याशिवाय ठरायचं नाही. एवढं इथे सगळ्यांसमोर म्हणा, मी ओढते."

साहेब चाचरले. "आई, तुमची भावना मला कळते. पण हे असं उभ्या उभ्या नाही ठरवता येत. संस्थेच्या बोर्डापुढे ठेवावं लागेल."

"ठेवा की. मी थांबते." आणि ती दोरी हातात घेऊन पायरीवर बसली.

पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. साहेब घड्याळ बघून म्हणाले, "आई, सगळे खोळंबलेत हो."

"दहा मिनिटं," मावशी म्हणाली. "तुम्ही तेवढीच म्हणाला होतात."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी ताईंकडे बघितलं. तो फोन कशासाठी होता, हे त्यांना इतक्या दिवसांनी कळलं की आधीच कळलं होतं, मला सांगता येणार नाही. ताई मान खाली घालून उभ्या होत्या. "बोर्डाशी बोलतो," एवढं म्हणून साहेब गाडीकडे गेले. मागोमाग खुर्च्या रिकाम्या झाल्या. मावशी बसूनच होती. उन्हं कलली तेव्हा ताई परत आल्या, एकट्या. तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि तिच्या ओंजळीत किल्ली ठेवली.

"मी त्याच दिवशी द्यायला हवी होती," ताई म्हणाल्या आणि हमसाहमशी रडायला लागल्या. मावशीनं त्यांना जवळ घेतलं नाही. पण उठलीही नाही, बसली त्यांच्याजवळ. ताई आता त्या संस्थेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिपाई मला न्यायला आला. मावशी म्हणाली, "राहू दे. पाटी अजून उघडायचीय." ऑफिसनं दुसरा पडदा शिवून घेतला असेल. सिस्टर पुन्हा येते, नेमणुकीविनाच. वस्तीतल्या बायका तिच्या जेवणखाणाचं बघतात. बोर्डाचं उत्तर आलेलं नाही. एक पत्र आलंय, खोली संस्थेच्या मालकीची आहे असं आठवण करून देणारं. ते सिस्टरच्या वहीत आहे. एखाद्या दिवशी माणसं येतील, किल्ली मागतील, दोरी ओढतील, दगड तिसऱ्यांदा उलटा करतील. मला भीती वाटते, सांगतो ना. पावलं वाजली की माझ्या कड्या आपोआप वाजतात. तुमच्याही पावलांना वाजल्या.

आठ महिन्यांत आत अकरा बाळं झाली. प्रत्येक वेळी आतला कण्हण्याचा आवाज थांबतो, आणि मग ती गप्प वेळ येते. तेव्हा माझ्या त्या टोकाला, जिथे तिला गुंडाळलं होतं, पुन्हा ऊब लागते. मी हलत नाही. मावशी दाराबाहेर उभी असते, तिचा हात माझ्या त्याच टोकावर असतो. आम्ही दोघं वाट बघतो. मग आतून रडणं येतं आणि ती हात काढून घेते, पाणी तापवायला जाते. अकराही वेळा असंच झालंय. तरी पुढच्या वेळी तिचा हात तिथेच येतो.

ऐका, आतला आवाज थांबला. मावशी बाहेर आली बघा. काही बोलू नका आता. दोरी सोडा. आपण तिघं ऐकू.